टाळ वाजत राहिले तर : एकत्र कामाच्या आकारिक प्रतिमानांचा इतिहास

 

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे. पुष्कळ माणसांनी एकाच वेळी, एकमेकांच्या भरवशावर वापरायच्या ज्या संगणकप्रणाली असतात, त्या लिहायला घेण्याआधी त्यांचं गणिती प्रतिमान मांडायचं, ते तपासायचं, आणि मग प्रणाली बांधायची, अशी एक पद्धत आहे. तिचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारील. त्याला दोन कारणं आहेत. एक कारण विषयातलं आहे, ते ओघात येईलच. दुसरं आमच्या स्वतःच्या चुकीचं आहे. ते शेवटाकडे सांगू.

"आकारिक" म्हणजे काय, एवढं आधी सांगून टाकतो. तर्कशास्त्रात आपण म्हणतो, सर्व अ हे ब आहेत, सर्व ब हे क आहेत, म्हणून सर्व अ हे क आहेत. अ म्हणजे कांदे की माणसं, याच्याशी तर्कशास्त्राला कर्तव्य नाही. विधानांचा आकार बरोबर असला की निष्कर्ष बरोबर. आकारिक प्रतिमानाचंही तसंच. कामाचा आकार तेवढा ठेवायचा, बाकीचा मजकूर काढून टाकायचा, आणि उरलेल्या आकाराला प्रश्न विचारायचे. काय ठेवलं आणि काय काढलं, यावर सगळं अवलंबून असतं. आजच्या व्याख्यानाचा हाच मुद्दा आहे.

लोणंदचा पालखीतळ

लोणंदकरांना पालखी सोहळा आम्ही काय सांगावा. नीरेत पादुकांना स्नान होतं, माऊली सातारा जिल्ह्यात येतात, लोणंदला मुक्काम होतो, आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण लागतं. ज्ञानेश्वरमहाराजांच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेले. लष्करातल्या माणसाची नजर त्या रचनेत दिसते. दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या कुठल्या आणि रथामागच्या कुठल्या हे ठरलेलं, निघायची वेळ ठरलेली.

आम्हाला मात्र त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. ती म्हणजे तळावरची समाजआरती. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतो आणि आरोळी देतो. हजारो टाळ त्या क्षणी थांबतात. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, मग आरती. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, कुणी क्रम मोडला असेल, काही अन्याय झाला असेल, तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. सगळीकडे शांतता, आणि एका कोपऱ्यात टाळ वाजताहेत. चोपदार तिकडे जातो, काय झालं ते विचारतो, निवाडा होतो. मगच ते टाळ थांबतात.

बघा, यात किती विचार आहे. एकाच खुणेने सगळ्यांना कळतं की आता थांबायचं. सगळे थांबले की पुढचं पाऊल. आणि कुणी थांबला नाही, तर ती बेशिस्त धरायची नाही. ती तक्रार समजायची. नियम पाळणं आणि "माझं काहीतरी चुकलंय, इकडे या" असं सांगणं, दोन्ही एकाच व्यवस्थेत बसवलं आहे. ही गोष्ट मनात ठेवा.

मीमांसकांचे चार प्रश्न

इथून वाई फार लांब नाही. तिथल्या प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला. मीमांसा हे शास्त्र उभं राहिलं यज्ञाच्या वाक्यांचा अर्थ लावण्यासाठी. सोमयागाला सोळा ऋत्विज लागतात. कुणी मंत्र म्हणायचे, कुणी गायचं, कुणी हातांनी कृती करायची, आणि हे सगळं एकमेकांत गुंफलेलं. मीमांसकांनी विधींचे चार प्रकार केले. उत्पत्तिविधी सांगतो कोणतं कर्म करायचं. विनियोगविधी सांगतो त्या कर्मात कोणतं अंग कशासाठी. प्रयोगविधी क्रमाने करायला सांगतो. अधिकारविधी सांगतो हे करण्याचा अधिकार कुणाचा. आणि क्रम ठरवायला सहा प्रमाणं दिली. कामाचं चित्र काढायला बसलेला आजचा अभियंता हेच चार प्रश्न विचारतो. काय, कशाने, कुठल्या क्रमाने, कुणी.

आता लगेच कुणी म्हणेल, म्हणजे संगणकशास्त्र आपल्याकडे आधीच होतं. मुळीच नाही. पेट्री किंवा डायक्स्ट्रा यांनी मीमांसा वाचून काही केलेलं नाही. मुद्दा एवढाच, की पुष्कळ माणसांचं काम नियमात बसवायचं म्हटलं की प्रश्न तेच येतात. आणि अजून एक. त्या सोळांमध्ये ब्रह्मा नावाचा ऋत्विज असतो. तो बहुतेक वेळ गप्प बसून लक्ष ठेवतो. चूक झाली की तो प्रायश्चित्त सांगतो. चुकीसाठी एक जागा, एक माणूस, आधीपासून राखून ठेवलेला.

स्टेशनावरून संगणकात

आता शतकं ओलांडून रेल्वेकडे येऊ. पुणे-मिरज मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता, हे तुम्हाला सांगायला नको. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून रेल्वेने जुन्या काळी टोकनची युक्ती काढली. दोन स्टेशनांमधल्या तुकड्याचं एकच टोकन एका वेळी बाहेर निघणार. ते चालकाच्या हातात असेल तरच गाडी पुढे. कड्यात अडकवलेलं टोकन धावत्या गाडीतून झेलताना आपल्यातल्या वयस्कर मंडळींनी पाहिलं असेल.

१९६० च्या दशकात संगणकाला हीच अडचण आली. एकाच यंत्रावर अनेक कामं एका वेळी चालायला लागली, आणि एकाच जागी दोघांनी लिहिलं तर घोटाळा व्हायला लागला. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने यावर जो उपाय दिला त्याला नावच रेल्वेच्या सिग्नलचं दिलं, सेमाफोर. हात वर, हात खाली, बस्स.

त्याच काळात त्यांनी परीक्षेत एक कोडं घातलं होतं. पुढे ते तत्त्वज्ञांच्या नावाने प्रसिद्ध झालं. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत, मध्ये पाचच काटे. जेवायला प्रत्येकाला दोन काटे लागतात, डावा आणि उजवा. सगळ्यांनी एकदम डावा उचलला तर? प्रत्येकजण उजव्याची वाट पाहत बसणार आणि सगळे उपाशी मरणार. (हशा) आमच्या जातभाईंची निवड विचारपूर्वक झाली असावी. यात कुणीही नियम मोडलेला नाही, कुणाची नियत वाईट नाही, तरी सगळं ठप्प. याला आपण कोंडी म्हणू.

कोंडी कागदावर कशी दाखवायची? जर्मनीतल्या कार्ल आडाम पेट्री यांनी १९६२ साली डार्मश्टाट इथे प्रबंध सादर केला, यंत्रांशी होणाऱ्या संवादाविषयी. त्यातून पेट्री नेट ही आकृती पुढे आली. ही खूण आपण मुलगा असताना रासायनिक क्रिया मांडायला काढली होती, असं ते पुढे सांगत. आकृती इतकी साधी आहे की इथल्या बाजार समितीच्या आवारातच ती काढून दाखवतो.

एक वर्तुळ काढा, "वक्कल उतरलं". दुसरं वर्तुळ, "मापाडी मोकळा". दोन्हींकडून बाण एका पट्टीकडे, तिचं नाव "वजन". पट्टीतून पुढे दोन बाण. एक "वजन झालं" या वर्तुळाकडे, आणि दुसरा परत "मापाडी मोकळा" याकडे. आता वर्तुळांत खडे ठेवा. पेट्री नेटमध्येही त्यांना टोकनच म्हणतात. पट्टीच्या मागच्या प्रत्येक वर्तुळात खडा असेल तरच ती घटना घडू शकते. घडली की मागचे खडे जातात, पुढे नवे येतात. पाच वक्कलं आणि एक मापाडी असेल तर पहिल्या वर्तुळात पाच खडे, दुसऱ्यात एक. एकाच मापाड्याला एकाच वेळी दोन वजनं करता येणार नाहीत, हे आता सांगावं लागत नाही, आकृतीच सांगते. अशा आकृतीला गणिताने प्रश्न विचारता येतात. कुठे कोंडी होईल का? एखादा खडा कुठे कायमचा अडकेल का?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात क्लॅरेन्स एलिस आणि सहकाऱ्यांनी अशाच जातीच्या आकृत्या ऑफिसच्या कामाला लावल्या. अर्ज कुठून येतो, कुणाच्या टेबलावर जातो, कोण सही करतं. हे एलिस म्हणजे संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन. यंत्रांसाठी केलेली खूण इथे माणसांवर बसवली गेली. मापाडी हा एक खडा झाला.

पण बाजारातला शेतकरी म्हणतो, "काटा बरोबर नाही, पुन्हा तोला." त्या वाक्याला आपण काढलेल्या आकृतीत वर्तुळ आहे का? नाही. आपण ते काढलंच नव्हतं.

वचन देणं म्हणजे काय

इथे तत्त्वज्ञान सरळ आत येतं. जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली. ती त्यांच्या पश्चात १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचं म्हणणं, सगळी वाक्यं माहिती देत नाहीत; काही वाक्यं म्हणजेच कृती. "मी वचन देतो" असं म्हणणं हेच वचन देणं. पुढे जॉन सर्ल यांनी त्याचं व्यवस्थित वर्गीकरण केलं.

१९८६ साली टेरी विनोग्राड आणि फर्नांडो फ्लोरेस यांचं संगणक आणि आकलन या विषयावरचं पुस्तक आलं. फ्लोरेस हे चिलीत आयेंदे यांच्या सरकारात मंत्री होते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तुरुंगात गेले, सुटल्यावर कॅलिफोर्नियात येऊन त्यांनी डॉक्टरेट केली. या दोघांनी म्हटलं, ऑफिस म्हणजे कागदांची ये-जा नव्हे, ते वचनांचं जाळं आहे. एकजण विनंती करतो, दुसरा कबूल करतो, नाकारतो किंवा उलट प्रस्ताव देतो. काम झाल्याचं कळवतो. पहिला ते मान्य करतो. याची त्यांनी अवस्था आणि बाणांची आकृती काढली आणि त्यावर "द कोऑर्डिनेटर" नावाची प्रणाली बांधली गेली. निरोप लिहिताना आधी सांगायचं, ही विनंती आहे, की वचन आहे, की काय आहे.

कल्पना सुंदर होती. पण पुष्कळांना ती जाचली. ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी १९९० च्या दशकात एक लेख लिहून प्रश्न विचारला, की या वर्गांमागे सत्ता नसते का? त्यांचा मुद्दा मराठीत आणायचा तर असा. घरात आपण म्हणतो, "बघू." आता "बघू" म्हणजे काय? होकार, नकार, की "आत्ता विषय नको"? या संदिग्धतेवर आपली निम्मी नाती तगून आहेत. प्रणालीने विचारलं, "तीनपैकी एक निवडा," की ती लवचीकता गेली. आणि कुणाला निवड करायला लावायची, कुणाच्या निवडीची नोंद ठेवायची, हे वरच्या माणसाच्या हातात गेलं. विनोग्राड यांनी उत्तर दिलं, की मोठ्या संस्थेत लांबच्या माणसांना एकमेकांवर विसंबायचं तर काहीतरी ठरलेले वर्ग लागतातच. आम्हाला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. असे वाद तत्त्वज्ञानात नेहमीचेच, त्याने घाबरायचं कारण नाही.

पुण्यातलं काम

आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांनी अनेक प्रोसेसरांच्या यंत्रासाठी कार्यप्रणाली रचली. तिच्यावरचं पुस्तक १९८४ मध्ये निघालं. पुण्यात १९८१ साली टाटा कन्सल्टन्सीचं संशोधनकेंद्र सुरू झालं, टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर. त्यामागे फकीरचंद कोहली होते. तिथे सॉफ्टवेअरच्या संशोधनाची घडी बसवली केशव नोरी यांनी. हे नोरी झुरिकला पास्कल भाषेच्या त्या प्रसिद्ध कंपायलरवर काम करून आलेले. मथाई जोसेफही पुढे या केंद्राचे प्रमुख झाले.

त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. बँकेची किंवा विम्याची प्रणाली शेकडो माणसं मिळून लिहितात. यंत्रं आणि तंत्र काही वर्षांनी बदलतात, पण विमा म्हणजे काय, हप्ता म्हणजे काय, हे फारसं बदलत नाही. मग धंद्याचे नियम एका प्रतिमानात मांडावेत आणि त्यातून कोड यंत्रानेच तयार करावा. तंत्र बदललं तर प्रतिमान तेच, कोड नवा. यातून "मास्टरक्राफ्ट" ही साधनं झाली. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी या अनुभवावर शोधनिबंध लिहिले. एका प्रतिमानाचं दुसऱ्यात रूपांतर कसं लिहावं याचं जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, त्यातही टाटा कन्सल्टन्सीच्या या मंडळींचा हात होता.

यात एक गंमत आहे. प्रतिमान मोठं झालं की तेही एका माणसाला पेलत नाही. मग शेकडो माणसं एकाच प्रतिमानावर एका वेळी हात चालवणार. कुणी काय बदललं, दोघांचे बदल एकमेकांत कसे मिसळायचे, हे प्रश्न तिथेही आलेच. सहकार्याची घडी बसवायला प्रतिमान केलं, आणि प्रतिमान करायलाच सहकार्याची घडी लागली!

वाल्हे कुठे गेलं?

हे मिसळणं किती अवघड असतं ते एका उदाहरणाने सांगतो. हे सोपं आहे, पण कागद-पेन्सिल घेतलीत तर बरं.

पालखीच्या मुक्कामांची एक यादी दोन संगणकांवर उघडी आहे. १ आळंदी, २ सासवड, ३ जेजुरी, ४ लोणंद. लोणंदच्या माणसाला दिसलं, वाल्हे राहिलं. त्याने चौथ्या जागी वाल्हे घातलं. त्याच क्षणी पुण्याच्या माणसाला दिसलं, पुणे राहिलं. त्याने दुसऱ्या जागी पुणे घातलं. आता दोन्ही यंत्रं एकमेकांना निरोप देतात. लोणंदच्या यंत्रावर "दुसऱ्या जागी पुणे" आलं, तर यादी झाली आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. छान. पुण्याच्या यंत्रावर "चौथ्या जागी वाल्हे" आलं. तिथे पुणे घातल्यामुळे सगळे एक घर पुढे सरकलेले. यादी झाली आळंदी, पुणे, सासवड, वाल्हे, जेजुरी, लोणंद. पुण्याच्या यादीत वाल्हे जेजुरीच्या आधी! दोघांनी योग्यच दुरुस्ती केली, आणि दोघांकडे दोन वेगळ्या याद्या.

उपाय असा, की आलेला निरोप आहे तसा लावायचा नाही. मध्ये काय घडलं ते बघून तो बदलून घ्यायचा. चारचे पाच करायचे. १९८९ मध्ये एलिस, हो, तेच ऑफिसच्या आकृत्यांचे एलिस, आणि सायमन गिब्ज यांनी ही पद्धत मांडली. आज अनेकजण मिळून ऑनलाइन दस्तऐवज लिहितात त्यामागे हीच कल्पना आहे.

पण काही वर्षांनी इतरांनी दाखवलं, की ठरावीक गुंतागुंतीत ती चुकते. मग दुरुस्त्या निघाल्या, शोधनिबंध निघाले, सिद्धताही दिल्या गेल्या. २००३ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने या प्रकाशित दुरुस्त्या यंत्राकडून सिद्धता तपासणाऱ्या साधनाला घातल्या. त्यांतल्या काही चुकीच्या निघाल्या! हुशार माणसांनी लिहिलेल्या, दुसऱ्या हुशार माणसांनी तपासलेल्या. कारण सरळ आहे. दोन माणसांनी प्रत्येकी पाच कृती केल्या तर त्या एकमेकांत मिसळण्याचे २५२ प्रकार होतात. तीन माणसांच्या पाच-पाच कृतींचे ७ लाख ५६ हजार ७५६. माणसाच्या डोक्याला हे धरून ठेवणं शक्य नाही. इथे आकारिक पद्धतीला पर्याय नाही, हे आम्ही स्वच्छ सांगतो. २०१७ मध्ये केंब्रिजच्या गटाने अशाच दुसऱ्या एका पद्धतीची सिद्धता यंत्राने तपासून दिली, ती याच धड्यामुळे.

आमची चूक

आता ती चूक. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका शिक्षणसंस्थेत प्रबंधांच्या परीक्षणासाठी संगणकप्रणाली यायची होती. समितीत आम्ही होतो. अभियंत्यांनी आकृती दाखवली. प्रबंध सादर, दोन परीक्षकांकडे रवाना, प्रत्येकाचा निकाल "प्रलंबित", "स्वीकृत" किंवा "नाकारला". दोन्ही स्वीकृत झाल्याशिवाय पदवी नाही. आम्ही आकृती पाहिली, तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला आवडावी अशीच होती. आम्ही म्हणालो, उत्तम. सही केली.

दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीचा प्रबंध गेला. एका परीक्षकांनी स्वीकारला. दुसरे परीक्षक प्रबंध हातात असतानाच वारले. आकृतीत याला घर नव्हतं. प्रणालीत दिसायचं, "प्रलंबित". दर महिन्याला त्या दिवंगत गृहस्थांच्या पत्त्यावर स्मरणपत्र जायचं, आणि त्यांच्या पत्नी ते उघडायच्या. चौदा महिने. ती मुलगी खेटे घालत होती, आणि प्रत्येक टेबलावर तिला प्रामाणिकपणे सांगितलं जात होतं, की प्रणालीत प्रलंबित दिसतंय. शेवटी एका जुन्या कारकुनाने वाट काढली. नवा परीक्षक नेमायचा तर एकच दार होतं, "नाकारला". त्याने ते बटण दाबलं. पदवी मिळाली. पण नोंदीत कायमचं राहिलं, की हा प्रबंध एका परीक्षकाने नाकारला होता. पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला त्याबद्दल विचारलं गेलं. ती नोकरी तिला मिळाली नाही.

कारकुनाला दोष देता येत नाही, त्याने माणुसकी केली. अभियंत्यांनी विचारलं होतं, काही राहिलंय का? राहिलंय हे आम्हाला दिसायला हवं होतं.

आम्हाला ते का दिसलं नाही, याचं उत्तरही या इतिहासातच आहे. आर्थर प्रायर हे न्यूझीलंडचे तत्त्वज्ञ. १९५० च्या दशकात त्यांनी काळाचं तर्कशास्त्र मांडलं, "नेहमीच असेल", "कधीतरी असेल" अशा विधानांचं. १९७७ मध्ये अमीर प्नुएली यांनी ते संगणकाच्या प्रणालींना लावलं. त्याच साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी गुणधर्मांचे दोन प्रकार वेगळे काढले. एक, वाईट कधीच घडणार नाही. दुसरा, चांगलं कधीतरी नक्की घडेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून क्लार्क, एमर्सन, सिफाकिस यांच्या पद्धतीमुळे असे गुणधर्म यंत्राकडून तपासून घेता येऊ लागले.

आमच्या आकृतीला पहिला प्रश्न विचारलेला होता. अपात्र माणसाला कधीच पदवी मिळणार नाही ना? नाही मिळणार, पक्कं. दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आलेल्या प्रत्येक प्रबंधाचा निकाल कधीतरी लागेलच ना? तो विचारला असता तर तिथल्या तिथे दिसलं असतं, की परीक्षक गप्प राहिला तर कधीच लागणार नाही. संस्था नेहमी पहिलाच प्रश्न विचारते, कारण त्यात संस्थेचं रक्षण आहे. दुसऱ्यात समोरच्या माणसाचं रक्षण आहे. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. आम्ही संस्थेच्या बाजूला बसलो होतो, म्हणून आम्हाला संस्थेचाच प्रश्न सुचला.

म्हणून कुणी असं समजू नये, की माणसाचं काम आकृतीत बसतच नाही, तेव्हा आकृत्याच नकोत. वाल्ह्याची गोष्ट आठवा. आकृतीशिवाय आता चालणार नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. टाळ वाजत राहण्याची जागासुद्धा आकृतीत काढता येते, आणि ती आहे की नाही हे गणिताने तपासताही येतं. प्रश्न असा लिहायचा. प्रणालीच्या प्रत्येक अवस्थेतून, ज्याला निर्णयाचा अधिकार आहे अशा जिवंत माणसापर्यंत पोचण्याची वाट आहे का? हा आकारिक प्रश्न आहे, आणि तो यंत्राला घालता येतो. फक्त तो सुचायला त्या मुलीच्या जागी उभं राहावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी पतसंस्थेच्या, सोसायटीच्या, दूधसंघाच्या, शाळेच्या समितीवर असेल. उद्या तुमच्यासमोरही एक आकृती येईल. बाण सुबक असतील, रंग छान असतील. सही करण्याआधी एवढंच विचारा, "सगळे थांबले आणि एकाचे टाळ वाजत राहिले, तर या चित्रात चोपदार कुठे आहे?" उत्तर दाखवता आलं नाही, तर आकृती परत पाठवा. आम्ही पाठवली नव्हती.

इतकंच. आता प्रश्न घेऊ. मागे त्या खांबाजवळ कुणीतरी हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरुवात करू.